होग्लाच्या घरातला पाझूझू

होग्लाचं तोंड एकदा सुरू झालं की खबार कालव्याचं पाणीसुद्धा कंटाळून पुढे जातं, असं सगळी यहूदी वस्ती म्हणायची. विषय एकच. बाबेलात राहतो म्हणून बाबेलचं व्हायचं नाही. देव एक, आणि तो पुरतो. सून अखसा नव्या वर्षाला मर्दुकाची मिरवणूक बघायला पळाली, तेव्हा तर होग्लाने आठवडाभर तिची खरडपट्टी काढली.

"ज्या देवाला उचलून न्यावं लागतं, तो तुला काय उचलणार गं?"

"आत्याबाई, देव बघायला कोण गेलं होतं? मी बायकांच्या बांगड्या बघायला गेले होते."

होग्लाने कपाळावर हात मारला. पोर गोड, पण उथळ, असं तिचं मत झालं आणि ते तिने गल्लीभर सांगूनही टाकलं.

अखसाला कळा सुरू झाल्या तेव्हा वस्तीत सुईण नव्हती. तिथली म्हातारी सुईण हिवाळ्यातच वारली होती. म्हणून पलीकडच्या काठावरून नुप्ताया आली. बाबेलची बाई, पण हाताला गुण होता. तिने बाळंतिणीने बसायच्या विटा मांडल्या आणि पिशवीतून दोरीत ओवलेलं एक काशाचं मुंडकं काढलं. कुत्र्याचं तोंड, बटबटीत डोळे.

"हा पाझूझू. पोरीच्या गळ्यात बांधा."

"आमच्यात चालत नाही," होग्ला म्हणाली.

"तान्ही पोरं पळवणारी लमाश्तू फक्त यालाच भिते. हा नसेल तर मी हात लावत नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक मलाच बोलतील."

होग्लाने भांडायला तोंड उघडलं, आणि तिला तिचा पहिला मुलगा आठवला. तो रडायच्या आधीच गेला होता. तेव्हा गळ्यात काही नव्हतं, होती ती नुसती प्रार्थना. देवाला तिने कधी जाब विचारला नाही, पण पाळणा दिसला की ती अजून मान फिरवायची. तेवढ्यात अखसा कळवळून ओरडली आणि होग्लाचा धीर सुटला.

"आण इकडे," ती पुटपुटली. दोरी सुनेच्या गळ्यात बांधताना वर बघून म्हणाली, "देवा, तू जरा डोळे मीट."

अखसाने गळा चाचपला. "हे काय?"

"असू दे गं. एका सकाळचा तर प्रश्न आहे."

"मिरवणूकही एकाच सकाळची होती, आत्याबाई." कळ आली, ती दात आवळून थांबली. "मला भीती वाटतेय. मेले तर, असंही वाटतंय. पण पहाटेपासून मी आपल्या देवालाच हाक मारतेय. आता ऐन वेळी याला गळ्यात घेऊ? काढा."

होग्ला मागे सरली. अखसाने स्वतःच दोरी डोक्यावरून ओढून काढली आणि पिशवीवर टाकली.

"मग मी निघते," नुप्ताया म्हणाली. पण निघणार कशी? अखसाने तिचं मनगट धरलं होतं, आणि कळा देणाऱ्या बाईची पकड सुटता सुटत नाही.

"जा ना, मावशी. हात तेवढा इथे ठेवून जा."

नुप्तायाने दोन हिसके दिले, आणि मग तिला हसूच फुटलं. "बाई गं, काय पोर आहे." तिने पाझूझू स्वतःच्याच गळ्यात अडकवला. "भीती मला वाटते, मी घालते. तुझं तू आणि तुझा देव बघा." आणि ती विटांपाशी बसली.

दुपारी मुलगी झाली. रडली ती अशी की कालव्यावरची बदकं उडाली. नुप्ताया मोबदल्याचे खजूर पदरात पाडून घेऊन, पाझूझूसकट घरी गेली.

ऊन उतरल्यावर शेजारणी जमल्या. "नुप्ताया त्या मुंडक्याशिवाय हात लावत नाही म्हणतात. होग्ला, चांगलीच झाडली असशील तिला?" सगळ्या ऐसपैस टेकून बसल्या. होग्लाच्या जिभेवर गोष्ट तयारच होती. उघड्या दारातून आत अखसा जागी दिसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, तरी सासूची लाज राखायला ती गप्प होती. तिचं ते गप्प राहणं होग्लाला फार लागलं.

"बांधलं मी," ती म्हणाली. "याच हातांनी. हिने काढलं."

होग्ला उठून आत गेली, नातीला छातीशी घेतली आणि त्या पहिल्या मुलासाठी इतक्या वर्षांनी पोटभर रडली.

"देवाचं काय ते हिला तूच शिकव," ती सुनेला म्हणाली. "मी भाकऱ्या भाजते."