चार सेकंदांची तपासणी

ते चक्र फिरवायची कल्पना श्रीपाद सरांची, पण बसवलं मी. बारामतीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात एका नर्सिंग कॉलेजचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म तयार होत होता. एक पान भरलं की दुसरं लगेच उघडायचं. सर म्हणाले, "नौशीन, एवढं पटकन झालं की लोकांना वाटतं, कुणी बघितलंच नाही. मध्ये चार सेकंद काहीतरी फिरव." मी फिरवलं. खाली लिहिलं, 'आपली कागदपत्रे तपासत आहोत, कृपया थांबा.' मग हिरवी खूण. आत काडीचीही तपासणी होत नव्हती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट खूण कशी झोकात उमटते, हे मी घरी आईला दाखवलं.

निमगाव केतकीच्या माझ्या मावसबहिणीनं, इफ्फतनं, तोच फॉर्म भरला. "बिनधास्त भर, मीच केलाय," असं मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

यादी लागली, त्यात इफ्फत नव्हती. बारावीच्या गुणपत्रिकेच्या जागी तिनं दहावीची जोडली होती. मुदत संपलेली, म्हणजे पोरीचं वर्ष गेलं.

रविवारी मी भेटायला गेले. इफ्फतची आई, माझी खाला, चहा ठेवायला आत गेली. इफ्फतचे वडील, रमजानखालू, माझ्यासमोर बसले.

"इफ्फतला शंका आली व्हती," ते म्हणाले. "म्हनली, अब्बा, पिशवीतनं कागद काढून एकदा बघते. मीच म्हनलो, थांब, तितं नौशीन बघतीया. तिचं होईस्तोवर मोबाईलला हात लावू नगं. आमी समदी गप बसलो."

मला आधी उमगलंच नाही. मग लक्षात आलं. त्या चार सेकंदांत मी बारामतीत बसून इफ्फतचे कागद डोळ्यांखालून घालतेय, असं या घरानं धरलं होतं. हिरवी खूण आल्यावर खालूंनी शेजारी साखरही वाटली होती.

खालू, तिथं कुणीच बघत नव्हतं, मी सगळ्यांना खोटं दाखवलं, एवढंच सांगायचं होतं. इफ्फत माझ्याकडं एकटक पाहत होती. मला माझीच लाज वाटली.

"त्या वक्ताला तू जाग्यावर नव्हतीस व्हय गं?" खालूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नव्हते," मी म्हणाले.

"जेवायला गेली असशील." ते इफ्फतकडं वळले. "बघ, मी म्हनलो न्हवतो? नौशीन असती तर तिनं चूक सोडलीच नसती."