चाळीस डाव्या बाह्या

कात्री खाली ठेवून तिनं एका गठ्ठ्यातली वरची बाही उचलली आणि दुसऱ्या गठ्ठ्यातल्या बाहीला लावून पाहिली. मग दोन्ही गठ्ठ्यांच्या मधून एकेक ओढून काढली. वीस शर्टांच्या चाळीस बाह्या, आणि चाळीसच्या चाळीस डाव्या.

"अगं बाई गं!"

शिवणखोलीतली दोन्ही मशीनं एकदम थांबली. खिडकीजवळची शिडी उठून आली. तिची उंची एवढी, की तिचं खरं नाव मालकालाही आठवायला वेळ लागे. तिच्या मागून बटण आली. ती ठेंगणी, गोल, आणि काज-बटणांचं काम तिच्याकडे. ओठांत सुई धरलेली असली तरी तिचं बोलणं थांबत नसे. कापड बेतून कापायचं काम जिचं, तिला या दोघी मास्तर म्हणत.

"वीस माणसांना दोन-दोन डावे हात असते, तर काय झकास बसले असते शर्ट," बटण म्हणाली.

मास्तर हसली नाही. ती स्टुलावर बसली आणि बाह्यांकडे बघत राहिली.

सुलट बाजू वर करून कापडाचे वीस थर लावायचे, बाहीचा पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून कापायचं, मग तोच फर्मा उलटा करून पुन्हा कापायचं. पहिली डावी, दुसरी उजवी. इतकं साधं काम, आणि सतरा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. पण फर्मा उलटायचा तर टेबलावर लांब वाकून डावा हात पार पुढे न्यावा लागतो. आज तिनं तो उलटलाच नाही. उजव्या हातानं नुसता पुढे सरकवला.

डावा हात ती गेले दोन महिने जपत होती. काखेत वाटाण्याएवढी गाठ होती. पहिल्यांदा अंघोळीच्या वेळी हाताला लागली, तेव्हा तिला वाटलं, घामानं उठलेलं काहीतरी असेल, जाईल. ती गेली नाही. वाटाण्याची आता चांगली सुपारी झाली होती, आणि तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

सांगायचं तरी कधी? वर्षाच्या सुरुवातीला नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. अख्ख्या भाषेतला एकच शब्द त्याच्यापाशी उरला, 'उद्या'. पाणी हवं तरी उद्या, उशी टोचली तरी उद्या, राग आला तरी उद्या. दीड महिन्यानं सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. ते सांधत नाही तोवर तेरा वर्षांच्या लेकीच्या रक्तात साखर निघाली, दिवसाला चार सुया. तीन माणसं, तीन डॉक्टर, तीन फायली. निळी नवऱ्याची, हिरवी सासूबाईंची, लाल लेकीची. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते उगाच नाही. त्यात चौथी फाईल कुठे ठेवायची? कपाटात जागा नव्हती, आणि मनात तर त्याहून नव्हती.

या दोघी नसत्या तर तिची केव्हाच चिंधी झाली असती. फर्म्याच्या जाड कागदावर शिडीनं आठवड्याचा तक्ता आखून मास्तरच्या स्वयंपाकघरात चिकटवला होता. सोमवार-गुरुवार नवऱ्याच्या हाताचा व्यायाम, शिडी. मंगळवार लेकीची तपासणी, मास्तर. रोज चार ते पाच सासूबाई, बटण. त्या तासात बटण आणि सासूबाई पत्ते खेळत आणि दोघीही फसवत. "तुझी ती बटण लबाड आहे हो सूनबाई," सासूबाई रोज रात्री जेवताना तक्रार करत, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनपासून दाराकडे डोळे लावून बसत.

"बसून काय राहिलीस? ऊठ," शिडी म्हणाली. "शेवटचा तागा आहे ना? त्यातून वीस उजव्या निघतील."

"आणि उरलेल्या वीस डाव्या?"

"खिसे. कॉलरचे आतले तुकडे. मालकाला कळायच्या आत सगळं गडप."

"माझी पाटी कुठे गेली?" बटण मध्येच म्हणाली. मापं लिहायची पाटी शोधत तिनं टेबल पालथं घातलं, मशीनखाली वाकली, आणि मग तिच्याच हाताखालून पाटी धपकन पडली. "घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा!"

मास्तरच्या हातातला खडू खाली पडून तुटला. तो उचलायला ती वाकली नाही. शिडीनं उचलला आणि दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

दुपारभर तिघींनी मिळून उजव्या बाह्या काढल्या. या वेळी थर शिडीनं लावले आणि फर्माही तिनंच उलटला. मास्तरनं नुसती कात्री चालवली. चहा झाल्यावर शिडीनं गळ्यातली टेप काढली.

"उभी राहा. तुझं माप घ्यायचंय."

"माझं कशाला?"

"कोट शिवायचाय तुला. थंडी तोंडावर आली. तुझ्या सासूबाईंची ऑर्डर आहे. म्हणाल्या, ती जगाला शिवते, स्वतःला शिवायची नाही."

मास्तरला नवलच वाटलं. वीस वर्षांत सासूबाईंनी तिच्या कपड्यांवर एकदाच मत दिलं होतं, तेही रंग वाईट आहे म्हणून.

"जुनं माप आहे की. दारावर बघ."

कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला तिघींची मापं पेन्सिलीनं लिहिलेली होती. दर वर्षी एकदा घ्यायची, कोण किती फुगली ते बघायचं, आणि हसून लोळायचं, असा शिरस्ता. बटणनं दार उघडलं. मास्तरच्या नावापुढे गेल्या वर्षीचं माप होतं, छाती छत्तीस, कंबर बत्तीस.

शिडीनं टेप कमरेला लावली. "अठ्ठावीस."

बटणनं लिहिलं नाही. पेन्सिल हातातच राहिली.

"हात वर कर."

"असू दे. अंदाजानं घे."

"मास्तर, अंदाजानं माप घेतलं म्हणून तूच मला एकदा खोलीबाहेर उभं केलं होतंस. हात वर कर."

उजवा हात वर गेला. डावा कोपरापर्यंत उचलला आणि तिथंच अडला. शिडीनं टेप पाठीमागून पुढे आणली, डाव्या काखेपाशी ती लागली तशी मास्तरनं दातांवर दात दाबले. शिडीच्या हाताला काय लागायचं ते लागलं. तिनं टेप हळूच सोडून दिली.

"किती दिवस?"

"काही नाही गं. गळू असेल."

"किती दिवस, विचारतेय."

"दोन महिने." मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि बघू नकोस अशी! कधी दाखवणार होते मी? मंगळवारी लेकीचं, बुधवारी ह्यांचे डॉक्टर, शनिवारी सासूबाईंचा एक्सरे. मी झोपले तर सगळं घर झोपेल. ह्यांना घास कोण भरवणार? पोरीला सुई कोण देणार? तुम्ही तरी किती करणार? तुम्हाला घरं नाहीत?"

"आहेत," बटण म्हणाली. "माझ्या घरात एक नवरा आहे, त्याला हातपाय आहेत, तोंडही आहे. जरा जास्तच आहे."

तेवढ्यानं मास्तरला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. तिनं समोरची बाही उचलून तोंडाला लावली आणि तिच्यात तोंड खुपसून रडली. शिडी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"मला भीती वाटतेय गं," बाहीतून आवाज आला. "फार भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," शिडी म्हणाली. "उद्या सकाळी आठला येते. उपाशीपोटी राहा, रक्त घेतील."

"उद्या नको. उद्या..."

"तुझ्या घरात एक उद्यावाला पुरे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणीच काही विचारलं नाही, याचंच तिला जास्त नवल वाटलं. लेकीनं स्वतःची सुई स्वतः घेतली आणि बाबांचा डबा उशाशी ठेवला. मास्तर सासूबाईंच्या खाटेपाशी घुटमळली.

"मी जरा बाहेर जाऊन येते. दुपार होईल कदाचित."

"ये की. मी आहे ना घरात," सासूबाई म्हणाल्या. "चालता येत नाही, पण ओरडता येतं मला. शेजारपाजार धावून येईल." त्यांनी सुनेचा डावा हात हातात घेतला, अगदी हलकेच, आणि थोपटून सोडला.

नवरा दाराकडे तोंड करून बसला होता. तिनं चपला घातल्या तशी त्यानं डावा हात उचलला.

"उद्या," तो म्हणाला.

हे पाण्याचं नव्हतं, उशीचं नव्हतं, रागाचंही नव्हतं. ओळखायला तिला एक क्षण लागला. मग ती परत आली, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हो. लवकर येते."

दवाखान्याची खिडकी तिच्या ओळखीची होती, बाकं ओळखीची, पंख्याचा आवाजही. दोरीला बांधलेलं पेन घेऊन तिनं फॉर्म भरला. पत्ता, फोन, खाली सही. शिडी आणि बटण मागे उभ्या होत्या. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म फिरवून घेतला.

"ताई, सोबतच्या माणसाचं नाव लिहिलंत. पेशंटचं राहिलं. पेशंट कुठंय? चाकाची खुर्ची पाठवू का?"

कारकून तिच्या खांद्यावरून मागे बघायला लागला, कोण आजारी आहे ते शोधत.

"फाईल आणलीय का आधीची?"

शिडीनं पिशवीतून एक पिवळी फाईल काढून खिडकीत सरकवली. कोपरे झिजलेली, जुनी. सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळची, सहा वर्षांपूर्वीची. मास्तरनं ती ओळखली. आतले कागद काढून टाकलेले होते. वरचं सासूबाईंचं नाव खोडलं होतं आणि त्याखाली थरथरत्या, मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सूनबाई'.

"हे कधी?"

"पंधरा दिवस झाले," बटण म्हणाली. आज तिच्या ओठांत सुई नव्हती. "पत्ते खेळताना दिली त्यांनी. म्हणाल्या, खुबा मोडलाय माझा, डोळे शाबूत आहेत. ती एका हातानं कपडे वाळत घालते, मला दिसतं. मी विचारलं तर ती हसून टाळेल, तुम्ही बघा. तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो आम्ही. चुकलंच आमचं."

कारकुनानं फाईल वाचली. "सूनबाई? हे असं नाव चालत नाही हो इथं."

मास्तरनं ती वाकडी अक्षरं बोटानं एकदा चाचपली. महिनोन्महिने पाठ टेकून बसलेल्या त्या म्हातारीनं हे खाटेवर, गुडघ्यावर फाईल धरून लिहिलं असणार. तिनं फॉर्म मागून घेतला. 'सोबतची व्यक्ती' या ओळीतलं आपलं नाव एका रेघेनं खोडलं आणि तेच नाव वरच्या रिकाम्या ओळीत, पूर्ण, स्वच्छ अक्षरांत लिहिलं.

"मीच आहे पेशंट," ती म्हणाली. "चालत आलेय. खुर्ची नको."

"बरं. मग सोबत कोण?"

दोन हात एकदम पेनावर पडले. दोरी ताणली गेली.

"एकच ओळ आहे बाई," शिडी म्हणाली. "तीही खोडलेली."

"मग वर जागा आहे तेवढीत मावव," बटण म्हणाली. "बारीक लिही. काजाएवढं."