सूर्याच्या मशीनचं कार्ड

वेधशाळेतल्या बाई अकरा वर्षं रोज सूर्याचं एक चित्र घेत होत्या. एकही दिवस चुकला नव्हता. निवृत्तीला चार दिवस उरले असताना, सकाळी कॅमेऱ्याच्या मशीनमधलं नेटवर्क कार्ड जळालं. कॅमेऱ्याचं चित्र त्या कार्डातूनच मशीनमध्ये येई, आणि कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही मशीनवर नव्हता. सूर्य सहा वाजून बारा मिनिटांनी मावळणार होता.

मशीन युनिक्स नावाच्या संगणक प्रणालीवर चाले. ते सांभाळणारा माणूस बाईंचा धाकटा दीर. त्याला नोकरी वशिल्याने लागली नव्हती, पण ती तशीच लागली असं कोणी म्हणालं की बाई ते खोडून काढत नसत.

दुपारी दोनला त्याने नवं कार्ड बसवलं, मशीन चालू केलं आणि जोडण्यांची यादी मागवली. यादीत एकच जोडणी आली, मशीनची स्वतःशीच बोलायची.

‘‘काय म्हणतंय, भाऊजी?’’

‘‘स्वतःशी बोलतंय.’’

‘‘म्हणजे तुमच्या घराण्यातलंच.’’

कार्डाशी कसं बोलायचं हे मशीनला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम शिकवतो. खोक्यावर ज्या चिपचं नाव होतं, तिचा ड्रायव्हर दिराने चढवला. काही झालं नाही. मशीन बंद करून चालू केलं. काही झालं नाही. कार्ड शेजारच्या खाचेत लावलं. साडेचार वाजले. कार्ड आहे एवढं मशीनला कळत होतं. नावाच्या जागी मशीनने लिहिलं होतं : ‘कोणी नाही, क्रमांक शून्य’.

‘‘चिपवर काय लिहिलंय?’’ बाईंनी विचारलं.

‘‘खोक्यावर आहे तेच असणार.’’

‘‘असणार म्हणजे? पाहिलंत?’’

त्याने पाहिलं नव्हतं. बाईंनी सौरडाग मोजायचं भिंग आणलं, मशीन बंद करायला लावलं, कार्ड हातात घेऊन खिडकीशी गेल्या आणि चिपवरची अक्षरं एकेक करून वाचली. एकही अक्षर खोक्याशी जुळेना. कार्ड बनवणाऱ्यांनी मधल्या काळात चिप बदलली होती, खोकं तेच ठेवलं होतं.

‘‘असं कोण करतं?’’ दीर म्हणाला.

‘‘मी तुमच्या भावाला पाहायला आले होते, तेव्हा तुमच्या आईंनी केलं होतं.’’

चिपवरच्या नावाचा ड्रायव्हर मशीनच्याच डिस्कवर पडून होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, इतकंच. दिराने कार्ड परत बसवलं आणि एका ओळीच्या आज्ञेने ड्रायव्हर बोलावला. कार्डावरचा हिरवा दिवा लागला. त्याने जोडणीला नेटवर्कवरचा पत्ता हाताने टाइप करून दिला. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी कॅमेऱ्याने उत्तर दिलं.

पडद्यावर राखाडी चौकोन आला. सूर्यापुढे ढग होता.

‘‘अर्धा तास आहे, वहिनी. थांबूया. ढग सरकेल.’’

‘‘आणि तेवढ्यात तुमचं कार्ड नाव विसरलं तर?’’

बाईंनी बटण दाबलं. चित्र नोंदवहीत गेलं. शेरा : ‘ढग’.

पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ढग सरला. पडद्यावर अख्खा सूर्य आला, काठावर तीन डाग, रेखीव. दीर खुर्चीतून उठला.

‘‘वहिनी, घ्या ना आता! हे ठेवा, ते खोडा.’’

‘‘दिवसाला एक,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पहिलं आलं ते.’’

त्यांनी दुर्बिणीवर झाकण लावलं आणि पर्स शोधू लागल्या. दीर झाकणाकडे पाहत राहिला.

‘‘तीन डाग होते.’’

‘‘मोजले मी.’’