पाव तासात निघणारी पेटी

साकोलीच्या एका मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात मी फोरमन होतो, त्या काळातली, १९७७ च्या उन्हाळ्यातली ही हकिकत आहे. घनश्यामची काळी अँबेसेडर लग्नसराईत भाड्याने जात असे आणि तिची देखभाल माझ्याकडे होती. आमची मैत्री मात्र शाळेपासूनची. तो व्यापाऱ्याच्या घरचा, मी सानगडीच्या बौद्ध वस्तीतला. तरी चौथीपासून आम्ही एका बाकावर बसलो आणि पुढे एकाच डब्यातून जेवलोही.

माझी धाकटी बहीण वच्छला हिला दोन वर्षांपूर्वी एस.टी.त ऊन लागले होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तीन दिवस काढावे लागले. तेव्हापासून भर उन्हात गाडीत बसायचे म्हटले की तिचे तळहात गार पडत. आणि तिचे लग्न ठरले तेही मे महिन्यात. सासर लाखनीला, सानगडीत लग्न लागल्यावर दुपारीच निघायचे होते. सोयरीक पक्की झाली त्या दिवशी तिने मला एवढेच विचारले, "भाऊ, रस्त्यानं मले काही होनार तं नाही ना?" काही होणार नाही, असा शब्द मी तिला दिला.

घनश्यामला मी म्हणालो, "गाडी तुही, थंड मी करतो."

"कर ना गा. नागपूरच्या गाड्या माह्या वराती पळवून राहिल्या. थंड गाडी म्हटलं तं लोक रांग लावतीन. अन् वच्छलेच्या लग्नाले गाडी माहीच येईन, तू सांगू नको."

मी पत्र्याची दीड फुटी पेटी तयार केली. ती मागच्या डाव्या दाराला बाहेरून बसे, काच खाली केलेल्या खिडकीला लागून. पेटीच्या पुढच्या तोंडाला वाळ्याची ताटी, आतल्या तोंडाला बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, वर पाण्याचा डबा. डब्याखालच्या तांब्याच्या नळीला सुईने छिद्रे पाडली होती. त्यांतून ताटीवर पाणी ठिबकत राही. वाळा आमच्या गावच्या तलावाच्या पारीवरचा, म्हणजे बांधावरचा. ताटी माझ्या आईने, मंगलाबाईने, विणून दिली होती.

पेटी टांगण्यासाठी दाराला चार भोके पाडणे भाग होते. घनश्याम दारावर हात ठेवून उभा राहिला.

"दुसरं काही जमत नाही काय गा?"

"पेटी रस्त्यात पडली तं नवरी मले नाही, तुले शिव्या देईन."

"पाड मंग," तो हसून म्हणाला. "इंजिनेरापुढं आपलं काय चालते."

बोल्टांच्या डोक्यांवर मी एक ते चार खुणा ठोकल्या. पावसाळ्यात पेटी कोणालाही पाव तासात उतरवून ठेवता यावी, असा माझा आग्रह होता. यंत्र जोडणाऱ्याने ते सोडवण्याचीही सोय करून ठेवावी, हे आम्हाला तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवले होते. चाचणीच्या दिवशी बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता आणि मागच्या सीटवर चौतीस. घनश्यामने दोनदा तापमापक झटकून पाहिला.

गाडीला बोलावणी येऊ लागली. त्या महिनाभरात दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या आणि दोन्हींचा अर्थ मी चुकीचा लावला. पेटी कोणी केली असे एका वऱ्हाड्याने विचारले, तेव्हा घनश्यामने "नागपुरातून आनली" असे सांगितले. धंद्याची रीत म्हणून मी हसलो. आणि मी रोज सकाळी अड्ड्यावर जाऊन डब्यात पाणी भरत असे, तर तो एकदा म्हणाला, "तू कायले तरास घेतोस? पानी मी भरत जाईन." तो मला आराम देतो आहे, असे मी समजलो.

लग्नाच्या दिवशी अकराला गाडी मंडपासमोर आली. पेटी नव्हती.

"मोटार जळली गा पंख्याची," घनश्याम काचेतून म्हणाला. "काल रात्रीच. काय करू, सांग."

मी डाव्या दाराकडे गेलो. चारही भोके मेणाने भरून वरून काळा रंग दिला होता. रंग नीट सुकलेला होता. घाईत पेटी उतरवणारा माणूस भोके बुजवून, रंग सुकण्याची वाट पाहत नाही. पण मंडपात वंदना सुरू झाली होती आणि मी वधूचा भाऊ होतो.

दुपारी दीडला निघालो. नवरदेव वऱ्हाडाबरोबर पुढे गेला होता; मी घनश्यामशेजारी बसलो. वच्छला पांढऱ्या साडीत, डोक्यावर ओला पंचा; शेजारी आई, मांडीवर पाण्याचे मडके घेऊन. खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती. साकोली येईपर्यंत वच्छलेचे ओठ सुकले. मी तिचा हात धरून पाहिला. तो गार होता.

"तुह्या घरापाशी थांब," मी घनश्यामला म्हणालो. "दुसरी मोटार माह्या पिशवीत हाये. पानाही हाये. पाव तासात पेटी लावतो."

त्याने घरासमोर गाडी थांबवली.

पेटी ओसरीत स्टुलावर होती. मी ताटीला हात लावला. वाळा चिंब ओला होता. त्याचा वास ओसरीभर पसरला होता. जळालेल्या मोटारीच्या पेटीवर कोणी पाणी शिंपडत नाही.

"उद्यासाठी भिजवून ठेवली काय?"

घनश्याम माझ्याकडे पाहत नव्हता. "उद्या बाबूलाल सेठची वरात हाये. त्याच्या मानसानं इचारलं, आज गाडीत कोन बसनार म्हनून. पेटीतलं पानी तोंडावर उडते ना गा. मंग मी म्हटलं, आज पेटी गाडीले नाही."

"अन् भोकं बुजवली."

"त्याचा मानूस पाहाले आला होता. यादो, मी इटाळ नाही मानत. तू माह्या डब्यात जेवला हायेस. पन धंदा हाये. लावू नको, हात जोडतो."

पाना माझ्या हातात होता. पेटी त्याच्या घरात होती, गाडी त्याची होती, आणि उन्हात वच्छला होती. वाद घालायला तिच्याकडे पाव तास नव्हता. मी पेटीच्या खाचेतून ताटी वर ओढून काढली.

"पेटी ठेव. ताटी माह्या मायची हाये."

गाडी उभी असेल तरच पंखा लागतो. गाडी धावत असताना वारा तेच काम करतो. मी मागे, वच्छलेच्या डाव्या अंगाला बसलो आणि ताटी दोन्ही हातांनी खिडकीत तिरपी धरली. आई मडक्यातून ओंजळीने ताटीवर पाणी टाकत राहिली. हवा गार झाली. दोन-तीन मैलांनंतर वच्छलेने डोक्यावरचा पंचा काढला.

"भाऊ, हात दुखत असन."

"बस उगी."

नवऱ्याच्या दारात वच्छला स्वतःच्या पायांनी उतरली. बाया तिला आत घेऊन गेल्या. मी ताटी हातात धरून रस्त्यावर उभा होतो. तिच्यातून पाणी गळत होते.

घनश्याम गाडीला वळसा घालून आला. "यादो, ताटी दे गा. तिच्याबिगर उद्या पेटी कायची?"

मी ती त्याच्यापुढे धरली. देणार होतो, खरेच देणार होतो. त्याचा हात पुढे आला, तेवढ्यात आई गाडीतून रिकामे मडके घेऊन उतरली. त्याने मडक्याकडे पाहिले, मग गळत्या वाळ्याकडे. त्याचा हात अर्ध्यावरून परत गेला आणि त्याने तो कोरडाच असलेला हात सदऱ्याला पुसला.

"राहू दे," तो म्हणाला. "मी दुसरी पाहतो."

ताटी मी वच्छलेच्या खोलीच्या खिडकीला बांधून दिली. परत येताना आईने आणि मी एस.टी. धरली.