जुना थर

मी लाकडाला पॉलिश करणारा माणूस. जुन्या पॉलिशवर नवं पॉलिश चोपडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, कपाट आधी उघडं लाकूड दिसेपर्यंत घासायचं, मगच पुढचं काम. चाळीस वर्षं हा हेका मी सोडला नाही, आणि शेवटी त्यानंच माझा घात केला.

हजला जायचं ठरलं होतं. निघण्याआधी ज्याचं ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची, ही आमच्यातली रीत. अल्लाहचा केलेला गुन्हा अल्लाह माफ करेल, पण माणसाचा केलेला गुन्हा त्या माणसानंच माफ करावा लागतो. आठवडाभर मी दारोदार फिरलो. जो तो म्हणायचा, "माफ, माफ! बसा, चहा घ्या." दुकानाशेजारचा लोहार तर म्हणाला, "एवढं तोंड नको पाडू रे, तुझे गुन्हे मोजायला बसलो तर भट्टी विझेल माझी." मी हसलो, पण ते सगळं मला वरवरचं वाटलं. मला खरी माफी हवी होती ती एकाच माणसाची, माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची.

तीस वर्षांपूर्वी एका मास्तरांकडून आपाला मागणी आली होती. मास्तर घरी येऊन तिला बघून गेले, आणि चार दिवसांनी त्यांचे मामा होकार घेऊन माझ्या दुकानात आले. अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. माझं नवीन लग्न, आणि अम्मीचं करणं बायकोच्या जिवावर यायचं. आपा गेली तर घर कोण ओढणार? मी हातातला ब्रश खाली न ठेवता मामांना म्हणालो, "एक सांगायचं राहिलं. तिला फिट येते." मामा चहाही न घेता उठले. घरी येऊन मी सांगितलं की नकार आला. आपानं कारण विचारलं नाही. पुढं तिनं अम्मीचं सगळं केलं, शिवणकाम केलं, माझी तीन पोरं वाढवली. पुन्हा कुणी बघायला येणार म्हटलं की ती म्हणायची, "नको रे, एकदा बघितलं ना मला लोकांनी."

मौलवीसाहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला यातलं काही ठाऊक आहे?"

"नाही."

"मग सांगू नका. तिच्यासाठी दुआ करा, तिची सेवा करा, चार लोकांत तिचा मान वाढवा. तुमच्या मनातली घाण तिच्या घरात नेऊन टाकू नका."

बरोबर बोलत होते ते. पण मला वाटलं, या तरुण माणसानं हातात कधी काचकागद धरलाय का? घासल्याशिवाय कसलं साफ होणार?

दुपारी आपाच्या खोलीत गेलो. हजला अंगावर घ्यायच्या माझ्या एहरामच्या दोन पांढऱ्या चादरींची ती घडी घालत होती. "आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी बिनशिलाईचं काहीतरी केलं बघ," ती म्हणाली. "मशीन रुसलंय माझं."

मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना मला रडू आलं आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आपाचे हात थांबले नाहीत. दुसऱ्या चादरीची घडी पूर्ण झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे त्यांना मी आवडले होते?"

"हो."

"नक्की?"

"हो, आपा. मला माफ कर."

"केलं माफ," ती लगेच म्हणाली. मग बराच वेळ चादरीवरून हात फिरवत राहिली. "मला वाटायचं, अल्लाहनंच माझ्या नशिबात नाही लिहिलं. त्याच्यावर कसला राग धरायचा? छान चाललं होतं रे माझं."

मौलवीसाहेबांचं तेव्हा ऐकलं असतं तर, असं आता रोज म्हणतो.

अस्रची, दुपार कलल्यावरच्या नमाजची, अजान झाली. आपा हातपाय-तोंड धुऊन वजू करून आली, जानमाज अंथरली, उभी राहिली. नमाज सुरू करायला कानापर्यंत हात नेले आणि तसेच परत खाली आणले. पुन्हा नेले, पुन्हा आणले. तापातसुद्धा नमाज न चुकवणारी माझी बहीण जानमाजवर नुसतीच बसली.

"तू मशिदीत जा, तुझी नमाज चुकेल," ती म्हणाली. "माझं मन लागत नाहीये. लागलं की पढते."

मी चादरी उचलून दाराबाहेर थांबलो. सूर्य मावळला, अस्रची वेळ गेली, मगरिबची अजान झाली तरी ती तशीच बसलेली होती.