डेलियाचं पहिलं फूल

कळीच्या टोकाशी एक फट... काल संध्याकाळी नव्हती, नक्की नव्हती! गुंजन कुंडीसमोर उकिडवी बसली, श्वास रोखून. आत जांभळं काहीतरी, की लाल? की कडेला पिवळी रेघ—अगं बाई, पिवळीच!

डेलिया कंदावरून लावतात. कंदाला आईचाच रंग येतो, हे पवनारात कोणीही सांगेल. पण गुंजनने बी पेरलं. शेजारच्या लाल-पांढऱ्या झाडांत मधमाश्यांनी काय घोटाळा केला असेल, कोणाला ठाऊक? बीचं प्रत्येक रोप वेगळं, म्हणजे हा रंग जगात कोणीच पाहिलेला नाही, मीसुद्धा नाही... बीएस्सीला बॉटनी घेतलं तेव्हा मामा म्हणाले होते, काय दिवे लावणार? बघा म्हणावं आता! फूल मोठं यावं म्हणून तिने बाजूच्या सगळ्या कळ्या खुडल्या होत्या, आणि तेवढं एक मात्र विसरली होती की या घरात कुठल्याही झाडाचं पहिलं फूल देवाचं. जास्वंदीचं गेलं, गुलाबाचं गेलं, तिनेच हौसेने नेऊन दिलं.

"गुंजन, उमललं का वो? पूजा खोळंबून राह्यली." सासरे, अण्णाजी, ओल्या केसांनी तबक घेऊन दारात उभे.

"अर्धंच उमललं, अण्णाजी."

"अर्धं चालते देवाले."

देवाला चालेल हो, पण डेलियाची कळी अर्धी उमललेली असताना तोडली की पुढे उमलतच नाही—तशीच मिटून सुकते. मग आतला रंग?

"दे न," प्रफुल आतून ओरडला, "दुसरं येईन महिन्याभरात!" नवऱ्याला वाटतं, सगळंच दुसरं येतं.

अण्णाजींनी हात पुढे केला. तिने आपला तळवा कळीवर धरला. सांगण्यासारखं किती होतं, मधमाश्या, बी, कॉलेज...

"नाई तोडत मी."

"काऊन?"

"मले पाहाचं आहे."

एवढंच? एवढंच आलं तोंडून, आणि तेही किती सरळ! सात वर्षांत या घरात तिने 'मला हवं' असं कशालाच म्हटलं नव्हतं, साडीलासुद्धा नाही. अण्णाजी हलले नाहीत. रागावले असतील... असू देत. तिला चक्क हसू येत होतं. त्यांची नजर पाठीवर असतानाच ती वाकली, अगदी जवळ, आणखी काय काय हवं आहे मला, या विचाराने अधीर झालेली.