व्हर्लिनची अभेद्य तिजोरी

मी पिस्तुलाची तिजोरी बोलतेय. हसू नका. माझ्या खोक्यावर 'अभेद्य' असं ठळक छापलं होतं, आणि छापणाऱ्याला आजवर कुणी जाब विचारलेला नाही.

बाहेरून काळा रंग, अंकांची बटणं, हिरवा दिवा. आतून बिस्किटांचा डबा. दार धरायला नखाएवढी खीळ आणि तिच्यामागे पेनात असते तसली स्प्रिंग. कारखान्यात मला कुणी आपटून पाहिलं नाही. तपासला तो फक्त रंग.

अमेरिकेतल्या केंटकीच्या व्हर्लिन टॅकेटने मला आणलं ते लेकीच्या धाकाने. केंड्राने बजावलं होतं, "डॅडी, पिस्तूल कुलपात जात नाही तोवर मेबल या घरात यायची नाही." मेबल म्हणजे चार वर्षांची नात, व्हर्लिनचा जीव की प्राण.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जमले. मी टीव्हीशेजारी ठेंगण्या कपाटावर, पोटात गोळ्या भरलेलं पिस्तूल. "बँकेत नसेल असलं कुलूप," व्हर्लिन सांगत सुटला.

सणाची टर्की खाऊन झाली आणि टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू झाला. आपल्या संघाने टचडाउन करून सहा गुण मिळवले आणि सोफ्यावरचे झाडून सगळे टॅकेट उडाले, आदळले. लाकडी जमीन हादरली, माझी खीळ सटकली, दार उघडलं.

"वारा असेल," व्हर्लिन म्हणाला.

"खिडक्या बंद आहेत, शहाण्या," बायको ओपल म्हणाली.

दुसऱ्या टचडाउनला पुन्हा तेच. मला वाटलं, आता हा मला परत करणार. त्याने फर्मान काढलं, "यापुढे कुणी उडायचं नाही. बसल्या जागी हात वर करा." आणि ती धडधाकट माणसं सुतकात बसावीत तशी बसली.

"यापेक्षा हरलेलं बरं," व्हर्लिनचा भाऊ पुटपुटला.

तेवढ्यात मेबल उठली, माझ्या डोक्यावर तिने एक गुद्दा घातला. दार उघडलं.

"पॅपॉ, असं करायचं," तिने आजोबांना समजावलं.

कुणी हसलं नाही. केंड्राने पिस्तुलातून गोळ्या काढल्या, पोरीला कडेवर घेतलं आणि ती गाडीत जाऊन बसली.

त्याच आठवड्यात व्हर्लिनने पिस्तूल विकलं. नाताळात मेबल परत आली. माझ्यात आता खरोखरच बिस्किटं असतात.

दुकानात माझ्या बहिणी ओळीने उभ्या आहेत, कपाळावर तोच शब्द मिरवत. घेण्याआधी एक गुद्दा घालून बघा. त्यांची भीड बाळगू नका.

मेबल अजून तशीच मला उघडते. दार वाजलं की व्हर्लिन खेळ सोडून वळतो, आणि आधी तिच्या हाताकडे बघतो.